कोरल पांढरे, तपकिरी किंवा लांबट होताहेत? रीफ टाकीतला प्रकाश तपासण्याचा क्रम

रीफ टाकीतले, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत पाळलेले, कोरल (प्रवाळ) बिघडले की टाकीवाल्याचे पहिले वाक्य ठरलेले असते: "लाईट कमी पडतोय." बहुतेक वेळा हे निदान चुकते. दिवा खरोखरच अशक्त असल्याची प्रकरणे थोडी. जास्त करून दिव्याचा जोर अचानक बदललेला असतो, नाहीतर दोष पाण्यात असतो आणि आळ दिव्यावर येतो. म्हणून नवा दिवा विकत घेणे ही या क्रमातली शेवटची पायरी आहे. त्याआधीच्या बहुतेक तपासण्यांना फडके, थर्मामीटर आणि थोडा धीर एवढेच लागते.

लक्षणे नीट वाचा

कोरलच्या मांसात झूझँथेली नावाचे सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशावर साखर बनवते आणि कोरल तिच्यावर जगते. कोरलचा तपकिरी रंग मुख्यतः या शैवालाचा. हे लक्षात ठेवले की पुढची लक्षणे आपोआप उलगडतात.

*वरचा भाग फिका, सावलीतला भाग चांगला.* प्रकाश जास्त झाल्याची ही सर्वांत भरवशाची खूण. फांद्यांची वरची बाजू, बशीसारख्या कोरलचा मधला भाग, दिव्याच्या बरोबर खालचे झोआ (बटणासारखे मऊ कोरल) आधी फिके पडतात. जादा प्रकाशात शैवालाच्या पेशीत घातक ऑक्सिजन रेणू साठतात आणि कोरल ते शैवाल बाहेर टाकते.

*सगळे कोरल सगळ्या बाजूंनी सारखेच फिके.* इथे दिव्यापेक्षा पाण्याचा संशय घ्या. पाणी तापले असेल, किंवा नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर गेले असतील.

*रंग जाऊन मळकट तपकिरी.* प्रकाश कमी पडला की कोरल शैवालाची संख्या वाढवते आणि मूळचा हिरवा-जांभळा रंग त्याखाली झाकला जातो. नायट्रेट-फॉस्फेट फार वाढले तरी हेच होते, त्यामुळे एकट्या तपकिरी रंगावरून निकाल देऊ नका.

*झोआंचे देठ लांब, मशरूम कोरल कडेने उचललेले आणि पसरट.* प्रकाश कमी. हे लक्षण सहसा फसवत नाही.

*हॅमर, टॉर्च ही कोरले दुपारी मिटलेली, संध्याकाळी दिवे मंदावले की फुललेली.* भर दुपारचा जोर जास्त आहे.

*बुडापासून मांस सुटते आहे, उघडा पांढरा सांगाडा दिसतो आहे.* हे ब्लीचिंग, म्हणजे शैवाल गेल्याने फिके पडणे, नव्हे. ब्लीच झालेल्या कोरलवर पारदर्शक मांस शिल्लक असते आणि बारकाईने पाहिले तर पॉलिपही (कोरलचे एकेक फुलासारखे जीव) दिसतात. मांसच सुटत असेल तर क्षारतेतला (अल्कलिनिटीतला) चढउतार, जंतुसंसर्ग किंवा किडे शोधा आणि दिव्याला हात लावू नका.

एक अपवाद. लेदर कोरल मधूनच चार-आठ दिवस मिटून बसते, अंगावर मेणचट थर येतो आणि मग ती कात टाकून ते पुन्हा फुलते. त्याला काहीही झालेले नसते. या काळात दिवा वर-खाली करणाऱ्यांनी चांगली लेदर कोरले बिघडवली आहेत.

फुकटच्या तपासण्या

आधी कागद घ्या आणि गेल्या सहा आठवड्यांत काय बदलले ते लिहा. नवा दिवा, नवा ब्रॅकेट, काचेचे झाकण काढले, दगडांची मांडणी हलवली, उन्हाळा सुरू झाला. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते: फिल्टरमधला कार्बन (पाणी स्वच्छ करणारा कोळसा) बदलला का? जुन्या पाण्यात सेंद्रिय द्रव्यांची पिवळसर झाक येते आणि ती नेमका निळा प्रकाश शोषते. ताजा कार्बन टाकला की ती झाक एक-दोन दिवसांत जाते, पाणी काचेसारखे होते आणि दिव्याचे बटण न हलवता कोरलवरचा प्रकाश वाढतो. कार्बन अधूनमधून टाकायचा असेल तर नेहमीच्या निम्म्या मात्रेने सुरू करा, किंवा कायम थोडा ठेवा आणि नियमित बदला.

मग वेळापत्रक. दिवा अ‍ॅपवर चालत असेल तर अ‍ॅपमधला चार्ट पाहून समाधान मानू नका. सकाळी, दुपारी आणि रात्री टाकीसमोर उभे राहून दिवा प्रत्यक्षात काय करतो ते पाहा. खाचांचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो, म्हणजे जितका वेळ वीज नव्हती तितका तो मागे पडतो. भारनियमनाच्या भागात महिन्याभरात त्याची दुपार मध्यरात्रीपर्यंत सरकू शकते. स्मृती नसलेले काही स्वस्त दिवे वीज परतल्यावर थेट पूर्ण तेजाने सुरू होतात. सर्वांत गोंधळाची जोडी म्हणजे स्वतःचे वेळापत्रक असलेला दिवा बाहेरच्या टायमरवर लावणे. एका दिव्याला दोन मालक झाले की नक्की कोणाचे चालले आहे ते कळत नाही. बाहेरचा टायमर काढा.

दिवसाचे एकूण आठ ते दहा तास पुरतात. त्यांत चढता आणि उतरता असा प्रत्येकी एक-दीड तास, मधले पाच-सहा तास पूर्ण जोर. बारा-चौदा तास दिवा ठेवून कोरल दुप्पट वाढत नाही, काचेवरचे शैवाल मात्र वाढते.

खिडकीकडेही पाहा. पश्चिमेच्या खिडकीतून येणारे तिरपे ऊन वर्षातले ठराविक महिनेच टाकीवर पडते, म्हणून ते ध्यानात येत नाही. दरवर्षी त्याच सुमारास त्रास होत असेल तर संध्याकाळी पाच वाजता टाकीजवळ बसून बघा.

फडके आणि थर्मामीटर

मिठाच्या पाण्याचे बारीक शिंतोडे दिव्याच्या भिंगावर सुकतात आणि महिन्याभरात पांढरट पापुद्रा तयार होतो. तो प्रकाश अडवतो, आणि इतक्या हळू अडवतो की डोळ्याला कळत नाही. दिवा बंद करून प्लग काढा, पूर्ण थंड होऊ द्या, आरओचे पाणी लावलेल्या मऊ मायक्रोफायबर कापडाने पुसा. हट्टी डागाला पाण्यात पातळ केलेला पांढरा व्हिनेगर चालतो. काच पुसायचा अमोनियाचा स्प्रे किंवा स्पिरिट अ‍ॅक्रिलिकच्या भिंगावर वापरू नका, त्याने बारीक तडे जातात आणि भिंग कायमचे धुरकट होते. टाकीवर काचेचे झाकण असेल तर तेही दोन्ही बाजूंनी पुसा. पाण्यावर तेलकट साय दिसत असेल तर ओव्हरफ्लो (वरचे पाणी टाकीबाहेर नेणारी वाट) पृष्ठभाग नीट ओढत नाही किंवा पंपाची दिशा चुकली आहे. सायही प्रकाश अडवते.

यात एक सापळा आहे. सहा महिन्यांचा पापुद्रा पुसला की प्रकाश एका झटक्यात वाढतो आणि कालपर्यंत अंधाराची सवय झालेले कोरल होरपळते. म्हणून भिंग पुसल्यावर त्याच दिवशी दिव्याचा जोर साधारण एक पंचमांशाने खाली आणा आणि दोन-तीन आठवड्यांत परत वर न्या. "साफ केल्यानंतरच बिघडले" ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते.

आता तापमान. २४ ते २७ अंश हा सुरक्षित पट्टा. २९-३० अंशांवर पाणी काही दिवस टिकले की एरवी सहज सोसणारा प्रकाशही कोरलला जास्त होतो, कारण उष्णता आणि प्रकाश शैवालाच्या त्याच यंत्रणेवर ताण देतात. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत एप्रिल-मेमध्ये चिलर नसलेल्या टाकीत कोरल फिके पडले तर आधी दुपारी तीनचे आणि पहाटेचे तापमान लिहून काढा. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडल्यास बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण दमट हवेत तेवढे उतरत नाहीत आणि गोड्या पाण्याची भर रोज घालावी लागते. पारा चढलेला असेपर्यंत दिव्याचा भर दुपारचा जोर कमी ठेवणे हा तात्पुरता उपाय योग्य आहे.

पाण्याच्या चाचण्या

किट हाताशी असतील तर अर्ध्या तासाचे काम. क्षारता ७ ते ९ डीकेएच (तिचे एकक) आणि ती स्थिर. कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम, मॅग्नेशियम १२५० ते १३५० च्या आसपास. खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे विशिष्ट घनता साधारण १.०२६. नायट्रेट २ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१.

शेवटचे दोन आकडे प्रकाशाच्या लेखात का? कारण शैवालाला प्रकाशाबरोबर नायट्रोजन आणि फॉस्फरसही लागतो. फॉस्फेट रिमूव्हर भरभरून टाकून दोन्ही शून्यावर आणले आणि वर तगडा दिवा लावला की कोरल फिके पडते, टोके जळल्यासारखी पांढरी होतात. ते हुबेहूब जादा प्रकाशासारखे दिसते. अशा वेळी दिवा कमी करण्याबरोबर रिमूव्हर थांबवा आणि माशांचे खाणे थोडे वाढवा. शून्यावरच्या टाकीत वाळूवर बुडबुडे अडकलेली तपकिरी लाळ आली असेल तर ते बहुधा डायनोफ्लॅजेलेट, आणि त्याचा रस्ता वेगळा.

उलट दिशेनेही हे नाते चालते. प्रकाश वाढवला की दगडी कोरल सांगाडा वेगाने बांधते आणि क्षारता भरभर खाते. जोर वाढवल्यानंतर दोन आठवडे दर दुसऱ्या दिवशी क्षारता मोजा. अनेकदा कोरल प्रकाशाने मरत नाही, प्रकाश वाढवल्यावर घसरलेल्या क्षारतेने मरते.

डोळा आणि फोन, दोघेही खोटे बोलतात

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्याला सर्वांत जास्त दाद देतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याची दाद त्याच्या सुमारे ४ टक्के. कोरलच्या शैवालाला मात्र ४२० ते ४८० चा हा निळा पट्टाच सर्वांत जास्त उपयोगी. परिणाम असा की दिव्याचा पांढरा चॅनेल (त्या रंगाच्या एलईडींचा वेगळा जोर) वाढवला की टाकी लख्ख दिसते आणि वाटते, प्रकाश भरपूर झाला. निळा चॅनेल शंभरावर नेला तरी टाकी अंधुकच दिसते, म्हणून तो शंभरावर ठेवला जातो आणि कोरल भाजून निघते. निळी टाकी म्हणजे मंद टाकी, हा समज सोडून द्या.

फोनमधले लक्स अ‍ॅपही डोळ्याच्याच मापाने मोजते. निळ्या एलईडीखाली त्याचा आकडा निरर्थक. त्याचा एकच उपयोग: तोच फोन, तीच जागा, तेच सेटिंग ठेवून आधीच्या आणि आताच्या आकड्याची तुलना. दिवा काळानुसार मंदावला का, एवढे त्यावरून कळते.

खरे माप पीएआर. ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, ते मायक्रोमोलमध्ये. मीटर महाग आहे आणि वर्षातून दोनदाच लागतो, म्हणून विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा ओळखीत मागून आणलेला बरा. मात्र तो पाण्यात चालणारा आणि निळा पट्टा नीट मोजणारा हवा. जुन्या धाटणीचे सेन्सर निळा कमी दाखवतात. हवेतल्या वापरासाठीचा सेन्सर पाण्यात बुडवला तर तो कमी आकडा देतो, आणि त्याला उत्पादकाने दिलेल्या गुणकाने गुणावे लागते.

मोजताना दिवा दुपारच्या पूर्ण जोरावर ठेवा. वाळूवर पाच जागा, चार कोपरे आणि मध्य. तशाच पाच मधल्या उंचीवर, पाच दगडांच्या माथ्यावर. पंप चालू असले की लाटांच्या भिंगामुळे आकडा नाचतो, त्यामुळे प्रत्येक जागी दहा सेकंदांची सरासरी घ्या. सेन्सर सरळ वर बघत असावा. कागदावर टाकीचा आराखडा काढून पंधरा आकडे त्यावर लिहा आणि तो कागद कॅबिनेटच्या दाराला आतून चिकटवा.

ढोबळ गरज अशी: मशरूम, झोआ, लेदर यांना ५० ते १५०. हॅमर, टॉर्च, ब्रेन अशा मोठ्या पॉलिपच्या कोरलला ७५ ते १५०. मॉन्टीपोराला २०० च्या पुढे, अ‍ॅक्रोपोराला २०० ते ३५०. यात तासही मोजा. २५० वर आठ तास म्हणजे दिवसाला ७.२ मोल, १०० वर दहा तास म्हणजे ३.६ मोल. जोर वाढवायची भीती वाटत असेल तर आधी तास नीट लावता येतात.

भारतातल्या वाचकांसाठी इथेच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत सर्व दगडी कोरल, काळे कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. मालवणच्या समुद्रातून किंवा किनाऱ्यावरून "एक छोटा तुकडा" आणणे हा गुन्हा आहे, मग टाकी कितीही चांगली असो. म्हणजे अ‍ॅक्रोपोराचे ३५० वगैरे आकडे दुबई, सिंगापूर, न्यू जर्सीतल्या वाचकांच्या कामाचे. इथल्या झोआ-मशरूमच्या टाकीला परदेशी व्हिडिओतला जोर लावणे हेच इथल्या बऱ्याच होरपळीचे कारण आहे.

दुरुस्ती: एका वेळी एकच बदल

प्रकाश जास्त ठरला तर जोर आहे त्याच्या ७० टक्क्यांवर आणा. मंदक (जोर कमी करायची सोय) नसलेला दिवा असेल तर तो ८-१० सेंटीमीटर वर उचला, किंवा खिडकीला लावतात त्या डासांच्या जाळीचे दोन-तीन थर टाकीवर अंथरा आणि दर चार-पाच दिवसांनी एक थर काढा. जाळी दिव्याच्या पंख्याची हवा अडवणार नाही आणि तापलेल्या मेटल हॅलाइड दिव्याला टेकणार नाही एवढे बघा. ब्लीच झालेल्या कोरलला शैवालाची साखर मिळत नाही, म्हणून संध्याकाळी बारीक खाद्य द्या. अन्न मिळाले तर ते काही आठवडे तग धरते आणि रंग सावकाश परततो.

प्रकाश कमी ठरला तर आठवड्याला ५ टक्के, त्याहून घाई नको. शैवालाला स्वतःला जुळवून घ्यायला एक-दोन आठवडे लागतात. वाढवल्यावर दुसऱ्याच दिवशी कोरल छान फुलले म्हणून आणखी वाढवणे ही नेहमीची चूक आहे. होरपळ सात-दहा दिवसांनी दिसते.

एकाच कोरलचा प्रश्न असेल तर दिव्याला हात न लावता तेवढे कोरल १०-१५ सेंटीमीटर वर किंवा खाली न्या आणि दोन आठवडे सोडा. जागा बदलली की पाण्याचा प्रवाहही बदलतो, त्यामुळे रोज हलवत राहिलात तर दोष कशाचा ते कधीच कळणार नाही.

चॅनेलबाबत: निळे आणि जांभळे मुख्य, पांढरा त्यांच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका, लाल-हिरवे अगदी नावाला. दोन बटणांच्या साध्या काळ्या पेटीच्या दिव्यात निळा २५-३० आणि पांढरा ५-१० पासून सुरुवात करा. हे आकडे कमी वाटतील, पण अरुंद कोनाच्या भिंगामुळे या पेट्यांचा झोत थेट खाली घुसतो.

दिव्यातच बिघाड

सकाळी लख्ख आणि दुपारी मंद होणारा एलईडी बहुतेक वेळा तापतो आहे. मिठाने पंखा जाम झाला की दिवा स्वतःला वाचवायला जोर कमी करतो. प्लग काढून पंख्यावरची धूळ-मीठ कोरड्या ब्रशने झाडा. टी५ नळ्या (बारीक ट्यूबलाईट) ९ ते १२ महिन्यांनी बदला, त्या पेटत असल्या तरी, कारण जोर आणि रंगपट्टा दोन्ही आधीच ढळलेले असतात. सगळ्या एकदम बदलू नका, दोन आठवड्यांच्या अंतराने एकेक.

नवा दिवा घ्यायचाच असेल तर

वॅट पाहून घेऊ नका. विक्रेत्याकडे पीएआरचा नकाशा मागा आणि तीन प्रश्न विचारा: पाण्यात मोजला की हवेत, किती उंचीवरून, आणि कडेला किती. मध्याचा ४०० हा आकडा जाहिरातीचा, कडेचा ६० हा आकडा तुमच्या कोरलचा. साधारण ६० सेंटीमीटर लांबीला एक चांगला दिवा, ९० ला दगडी कोरलसाठी दोन, १२० ला दोन ते तीन. पाण्यापासून २० ते ३० सेंटीमीटर उंची. एका तगड्या दिव्यापेक्षा दोन मध्यम दिवे केव्हाही सरस, कारण सावल्या भरून निघतात आणि एक बंद पडला तरी टाकी अंधारात जात नाही. बसवल्यावर जुन्या दिव्याइतकाच पीएआर जुळवा. मीटर नसेल तर निम्म्या जोरावर सुरू करा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

दिव्याच्या आत खारे पाणी गेले, तो पाण्यात पडला, हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा जळका वास आला: पाण्यात हात न घालता मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. दिव्याचा ड्रायव्हर (त्याला वीज पुरवणारी पेटी) घरी उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो. टाकीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे पाणी ओघळले तर ते वळणावरून जमिनीवर टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. जड दिवा छतातून टांगायचा असेल तर हुक स्लॅबमध्ये बसवायचे काम सुताराकडे किंवा फॅब्रिकेटरकडे द्या, पीओपीच्या छताला तो पेलवत नाही.

मांस तासातासाने सुटत असेल, किंवा तपकिरी लिबलिबीत गोळे कोरलवर आले असतील, तर प्रकाशाचा तपास बंद. ते कोरल वेगळ्या भांड्यात काढा आणि कोरल पाळणाऱ्या अनुभवी माणसाला त्याच दिवशी दाखवा.

झोआ आणि पॅलिथोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असते. झोआ बसलेला दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, हवेत घासू नका, कारण विष वाफेतून आणि तुषारांतूनही जाते. नंतर श्वास जड झाला, डोळे जळू लागले किंवा तोंडाला धातूची चव आली तर थेट रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा. तो ऐकल्याशिवाय हे निदान सुचणे अवघड असते.